नाशिकहून खोपोलीकडे, नव्या पार्कच्या पहिल्याच दिवशी: रस्ता, रांगा आणि उंचीची पट्टी

गोदाकाठची यांचा प्रश्न

मंडळी, भाऊबीज झाली की लगेच येणाऱ्या शनिवारी आम्ही चार भावंडं खोपोलीच्या बाजूला सुरू होणाऱ्या एका नव्या मनोरंजन पार्कला जाणार आहोत. उद्घाटनाचाच दिवस आहे, तिकिटं काढून झाली आहेत. तेव्हा "दुसऱ्या दिवशी जा" हा सल्ला सोडून बाकी सगळे हवे आहेत.

ताई आणि दादा दोघंही गाडी चालवतात. मी चालवत नाही. चौथी आमची चुलत बहीण, वय १०, उंची १३७ सेंमी. गाडी सात आसनी, सीएनजीची. निघणार इंदिरानगरहून. फाटक सकाळी १० वाजता उघडणार आहे आणि त्याच रात्री परत यायचा विचार आहे.

विचारायचं असं: कसारा–भिवंडी–पनवेल, समृद्धी महामार्ग की सिन्नर–संगमनेर–चाकण? किती वाजता निघावं? पहिल्या दिवशी राइड सारख्या बंद पडतात म्हणतात, ते का आणि त्यातून दिवस कसा वाचवायचा? आणि मोठ्या रोलर कोस्टरला किमान १४० सेंमी उंचीची अट आहे, तिथे बहिणीचं काय होईल?

---

घाटवाट यांचं उत्तर

रस्त्याचं सांगतो, राइडचं जाणकार सांगतील.

सिन्नर–संगमनेरचा रस्ता पहिल्यांदा खोडा. चंदनापुरी घाटापर्यंत तो चांगला वाटतो, पण चाकणला कारखान्यांच्या बस, कंटेनर आणि चौकांमुळे वेळेचा काही हिशेब राहत नाही. पुढे तळेगावहून मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे धरून खंडाळ्याचा घाट उतरायचा, म्हणजे अंतरही जास्त. पुण्यात कुणाला घ्यायचं असेल तरच त्या वाटेला जा.

कसारा–भिवंडी–शिळफाटा–पनवेल हा सगळ्यांच्या सवयीचा रस्ता. त्यात नडतो तो भिवंडी बायपास ते कळंबोलीचा पट्टा. उरणच्या बंदराकडचे कंटेनर आणि भिवंडीची गोदामं या दोन्हींची वाहतूक तिथे एकत्र येते. पहाटे सहाच्या आत पार केलात तर ठीक, आठ वाजता सापडलात तर किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही.

मी असं सुचवेन. पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी करत इगतपुरीजवळ पिंपरी सदोला समृद्धीवर चढा. इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, त्यामुळे कसारा घाटाची वळणं आणि त्यात अडकलेले ट्रक दोन्ही टळतात. साधारण ८ किमीचा बोगदा लागेल. आत शिरायच्या आधी दिवे लावा, लेन बदलू नका, वेगाची मर्यादा फलकावर असेल तेवढीच ठेवा. मात्र आमणेपर्यंत जायचं नाही. त्याआधी शहापूरसाठी खुटघरला उतरायचं आणि मुरबाड–म्हसा–कर्जत–पळसदरी करत खोपोली गाठायची. भिवंडी, कल्याण, शिळफाटा सगळं उजव्या हाताला राहून जातं.

या वाटेचे तोटेही ऐकून ठेवा. मुरबाडच्या पुढे काही ठिकाणी रस्ता दोनच पदरी आहे, गावं आणि गतिरोधक भरपूर, आणि गतिरोधकांवर पांढरे पट्टे असतीलच असं नाही. दिवाळीनंतर तिकडे भातकापणी चालू असते. भारे लादलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय पुढे दिसतात, ते अगदी जवळ गेल्यावरच. म्हणून हा पट्टा उजाडल्यावर करायचा. त्या दिवसांत साडेसहाच्या सुमाराला सूर्य उगवतो. इंदिरानगरहून पावणेपाचला निघालात तर समृद्धीचा भाग अंधारात आणि मुरबाडचा भाग उजेडात पडेल. थांबे धरून साधारण चार तास. नऊच्या आत खोपोलीजवळच्या पाली फाट्याला असाल आणि शेवटचे काही किलोमीटर रांगेत सरकायला एक तास हाताशी राहील. पहिल्या दिवशी तो तास लागतोच, कारण नव्या पार्कच्या वाहनतळाचं तोंड अजून कुणाच्याच अंगवळणी पडलेलं नसतं. रखवालदारही तिथे पहिल्यांदाच उभे असतात.

आता गाडी. सात आसनी गाडीत साधारण ८–९ किलो सीएनजी बसतो, म्हणजे भरल्या गाडीला एका टाकीत जेमतेम एक बाजू. सणाच्या दिवसांत पंपावर रांग असते, म्हणून गॅस आदल्या रात्री नाशकातच भरा आणि पेट्रोलची टाकी निदान अर्धी ठेवा. समृद्धीच्या या तुकड्यावर पंप मिळेल या भरवशावर निघू नका. चढावर ओढ कमी वाटली तर पेट्रोलवर घ्या. सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे ना, ते त्यावरच्या पट्टीवर वाचा.

टायरची हवा गाडी थंड असताना तपासा, चालवून आल्यावर नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर भरल्या गाडीचा वेगळा आकडा छापलेला असतो, तो घ्या. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो: २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षांचा टायर असेल तर नक्षी शिल्लक असली तरी आधी दुकानात दाखवा. समृद्धीच्या काँक्रीटवर सलग १०० च्या पुढे जुना टायर तापतो, आणि हवा कमी असेल तर बाजू फाटते. फास्टॅगचं रिचार्ज आदल्या दिवशीच करा. घोटीचा टोल वेगळा आणि समृद्धीचा वेगळा. समृद्धीवर जितके किलोमीटर चालाल तितका टोल, तोही बाहेर पडताना कापला जातो.

---

यंत्रशाळा यांचं उत्तर

राइड "बंद पडते" म्हणजे काय, हे आधी समजून घेतलं तर दिवसाची आखणी सोपी होते.

कोस्टरचा रूळ तुकड्यांत वाटलेला असतो. प्रत्येक तुकड्याला ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम संगणक पाळून घेतो. रुळालगत सेन्सर असतात. गाडी अमुक सेन्सरपासून तमुक सेन्सरपर्यंत ठरलेल्या वेळेत पोचली पाहिजे. लवकर पोचली, उशिरा पोचली किंवा एका सेन्सरने पाहिलं आणि जोडीच्या सेन्सरने पाहिलं नाही, तर यंत्रणा काही गृहीत धरत नाही. सगळ्या गाड्या जवळच्या ब्रेकवर किंवा चढाच्या साखळीवर थांबवते.

नव्या राइडवर हे जास्त घडतं. चाकांवर पॉलियुरेथेनचा थर असतो. सकाळच्या गारव्यात तो कडक असतो, बेअरिंगमधलं वंगणही घट्ट असतं, म्हणून गाडी हळू धावते. दुपारी ऊन तापलं की तीच गाडी वेग घेते. वेळेच्या मर्यादा चाचण्यांत बसवलेल्या असतात, पण त्या चाचण्या पाण्याने भरलेल्या पुतळ्यांवर झालेल्या असतात. खऱ्या माणसांचं वजन प्रत्येक फेरीत वेगळं असतं. काही आठवड्यांत चाकं रुळतात, मर्यादा बारकाईने जुळवल्या जातात आणि थांबणं कमी होतं. तोवर सेन्सरचा एखादा कंस अर्धा सेंटीमीटर हललेला असला तरी राइड थांबते. थांबली म्हणजे सुरक्षा यंत्रणेने आपलं काम केलं, हे धाकट्या बहिणीला आधीच सांगून ठेवा. चढावर थांबलात तर बाजूला जिना असतो. कर्मचारी वर येऊन अंगावरची सुरक्षेची एकेक दांडी हाताने सोडवतात. तोपर्यंत दांडी ओढायची नाही, वाकून खाली बघायचं नाही, आणि व्हिडिओसाठी खिशातून फोन तर अजिबात काढायचा नाही. टोपी किंवा फोन रुळात पडणं हे राइड थांबण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे, आणि ते पूर्णपणे आपल्या हातातलं आहे.

पण पहिल्या दिवशी वेळ खरा जातो तो बिघाडात नाही, माणसांच्या हातात. हिशेब बघा. एका गाडीत २० जागा आहेत. सरावलेले कर्मचारी ९० सेकंदांत उतरवणं, बसवणं, दांडी तपासणं आणि सोडणं उरकतात. तासाला ४० फेऱ्या, ८०० माणसं. नव्या माणसांना त्याच कामाला १८० सेकंद लागतात. तासाला ४००. समोर ५०० जण उभे असतील तर पहिल्या हिशेबाने ३८ मिनिटं, दुसऱ्याने ७५. त्यात दोनपैकी एकच गाडी रुळावर असेल तर आणखी वेळ. म्हणून रांगेची लांबी बघून ठरवू नका. रांगेत शिरण्याआधी घड्याळ लावून लागोपाठ दोन गाड्या सुटण्यातलं अंतर मोजा, जागा मोजा आणि भागाकार करा. फलकावर लिहिलेल्या वेळेपेक्षा हा आकडा खरा निघतो.

यातून पुढची गोष्ट. दहा वाजता सगळी गर्दी समोर दिसणाऱ्या उंच कोस्टरकडे धावते. तो मोठा असतो, जागा जास्त, म्हणून दिवसभर बऱ्यापैकी रांग ओढतो. खरी कोंडी होते ती चार-चार जणांच्या छोट्या डब्यांच्या राइडला: अंधारातली सफर, फिरती छोटी गाडी, तशा. त्यांची क्षमताच कमी, आणि लहान मुलांसह घरचे सगळे त्यातच येतात, म्हणून अकराच्या पुढे ती रांग हलत नाही. फाटक उघडताच तुमच्या यादीतली अशी एक राइड उरका, मग मोठा कोस्टर. जेवण साडेअकराला किंवा तीनला, मधल्या वेळेत नाही. १ ते २ या वेळात लोक जेवणाच्या रांगेत असतात, तेव्हा राइड करा.

यादी चारचीच करा. पहिल्या दिवशी आठ राइडची यादी घेऊन जाणारे पाच करतात आणि तीन राहिल्याची रुखरुख घेऊन परततात. चारवाल्यांच्या चारही होतात, पाचवी मिळाली तर ती वरकड. एक राइड बंद असेल तर तिच्यासमोर उभं राहू नका. कर्मचाऱ्याला एवढंच विचारा: "रांग रिकामी केली आहे की थांबवली आहे?" थांबवली असेल तर अर्ध्या तासाच्या आत सुरू होण्याची शक्यता बरी. रिकामी केली असेल तर दोन तास तिकडे फिरकू नका.

वॉटरपार्कही त्याच आवारात असेल तर पहिल्या दिवशी दोन्हींचा मोह टाळा. कपडे बदलणं, लॉकर, पुन्हा कोरडं होणं यातच दोन-अडीच तास जातात.

---

शिदोरी यांचं उत्तर

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, असं धरूनच चला. म्हणून गाडीत दोन वेळचं ठेवा: एक पोचल्यावर वाहनतळावर खायला, एक परतीला. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी याला तोड नाही. पाणी घालून मळलेल्या पोळीपेक्षा दशमी मऊ राहते. पण दिवसभर उन्हात उभ्या गाडीत दुधाचं टिकत नाही, म्हणून दशमी सकाळीच संपवा. परतीसाठी नाशिकचा चिवडा, भाजलेले शेंगदाणे, केळी. फराळाचा डबा न्यायचा मोह होईल, पण चकली-करंजी सकाळी नको. तळलेलं पोटात जास्त वेळ राहतं आणि कोस्टरवर तेच वर येतं. मिसळीलाही त्याच कारणाने त्या सकाळी सुट्टी. राइडच्या आधी दीड-दोन तास भरपेट नको, पण उपाशीपोटीही नको. रिकाम्या पोटी मळमळ वाढते.

मुरबाडच्या वळणांवर गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते. चालवणाऱ्याने कदापि घेऊ नये, आणि दहा वर्षांच्या मुलीला किती द्यायची ते डॉक्टरांनाच विचारा. तिला मधल्या रांगेत, समोरची काच दिसेल असं बसवा आणि हातात मोबाइल देऊ नका. नजर पडद्यावर स्थिर आणि अंग वळणांवर हलतंय, यामुळेच मळमळ होते.

पायात मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट हवेत. खोपोलीजवळच्याच इमॅजिका पार्कचा नायट्रो हा पायाखाली फळी नसलेला कोस्टर आहे. अशा राइडवर मोकळी चप्पल काढूनच बसावं लागतं आणि तेवढाच वेळ सगळ्यांचा जातो. तिकिटांच्या क्यूआरचे फोटो चौघांच्याही फोनमध्ये आणि एक छापील प्रत. हजारो फोन एकाच टॉवरवर आले की ॲप उघडत नाही. लॉकर चौघांत एकच घ्या आणि किल्ली ताईकडे. गाडी लावल्यावर खांबाच्या क्रमांकाचा फोटो काढा.

बहीण हरवली तर भेटायची जागा आत शिरताच ठरवा, आणि एका मोठ्याचा नंबर तिच्या मनगटावर पेनने लिहा.

---

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी चारची केली, गॅस आदल्या रात्री. दोन शंका राहिल्या. बहिणीची उंची सकाळी मोजली तर कधी १३८ भरते, मग जाड तळाचे बूट घालून १४० झाले तर चालेल का? आणि रात्री परत येणं कितपत शहाणपणाचं? पार्क आठला बंद होणार आहे.

---

यंत्रशाळा

सकाळी उंची जास्त भरते हे खरं आहे. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या फुगतात, दिवसभर उभं राहून त्या दबतात. फरक साधारण एक सेंटीमीटरचा. पण बुटांची युक्ती करू नका, अगदी कळकळीने सांगतो.

उंचीची अट ही शरीराच्या मापाची सोपी खूण आहे. खांद्यावरून येणारी दांडी मोठ्या माणसाच्या धडाच्या लांबीला बेतलेली असते. धड आखूड असेल तर दांडी शेवटच्या खाचेपर्यंत ओढली तरी मांडी आणि दांडी यांत पोकळी राहते. गाडी उलटी होते किंवा माथ्यावरून खाली झेपावते तेव्हा शरीर आसनावरून उचललं जातं, आणि ती पोकळी भरून काढायला काहीच नसतं. शिवाय डोकं दांडीच्या मधोमध येण्याऐवजी कडेला आपटतं. बुटाचा तळ जाड केला म्हणून धड लांब होत नाही. मोजणाऱ्याने चुकून सोडलं तरी तुम्ही सोडू नका.

तिच्यासाठी १२० सेंमीच्या अटीच्या राइड निवडा. बहुतेक पार्कमध्ये मधल्या आकाराचा कोस्टर त्या पट्टीत असतो. फाटकावर उंची मोजून मनगटाला रंगीत पट्टी बांधतात का ते विचारा. बांधत असतील तर तिथेच मोजून घ्या, म्हणजे तासभर रांगेत उभं राहून तोंडावर नकार मिळणार नाही. मोठ्या कोस्टरला तुम्ही तिघं दोन पाळ्यांत जा. काही ठिकाणी सोबतच्या लहान मुलासाठी पाळी बदलायची सोय असते: एक मोठा बाहेर थांबतो आणि पहिला उतरल्यावर पुन्हा रांग न लावता चढतो. पहिल्या दिवशी ही सोय चालू आहे का, ते प्रवेशद्वाराच्या खिडकीवर विचारा. राइडवरच्या नव्या माणसाला बहुधा ठाऊक नसेल. आणि तिला ही गोष्ट आजच घरी सांगा, तिथे गेल्यावर नाही. दहा वर्षांच्या पोरीला नकाराचं वाईट वाटत नाही तितकं सगळ्यांसमोर पट्टीखाली उभं करून परत पाठवल्याचं वाटतं.

---

घाटवाट

रात्रीचं सांगतो. आठला बंद म्हणजे वाहनतळातून निघेपर्यंत नऊ. पहाटे चारला उठलेला माणूस रात्री एकला इंदिरानगरला पोचणार, आणि मुरबाडचा दोन पदरी पट्टा अंधारात पडणार. हे करू नका. खोपोलीत किंवा कर्जतला मुक्काम करा आणि रविवारी सकाळी सातला निघा. कर्जतला राहिलात तर परतीच्या वाटेवरच पडतं. रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवेवर मुंबईकडची गर्दी असते, पण तुम्हाला एक्स्प्रेसवेवर चढायचंच नाही.

मुक्काम जमतच नसेल तर सहाला बाहेर पडा, शेवटचे दोन तास सोडून द्या. त्या रात्री मुरबाडची वाट नको. पनवेल–कल्याण–पडघा करून आमणेला समृद्धी धरा. वेळ जास्त जाईल, पण दिवे आणि दुभाजक मिळतील. दादा दुपारी दोन ते तीन गाडीत झोपणार, हे आताच ठरवा. गाडी सावलीत लावलेली हवी आणि काचा थोड्या खाली. परतीला पहिला टप्पा त्याचा, आमणेला पोचल्यावर ताईचा. समृद्धीवर रात्री रस्ता सरळ आणि रिकामा असतो, आणि डोळे उघडे असूनही चालकाचं लक्ष मिटतं. शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही. ते काम तुमचं, गोदाकाठची. गाडी न चालवणाऱ्याकडे तेवढी जबाबदारी हवीच. चालवणारा सलग तीनदा जांभई देऊ लागला किंवा लेनच्या पट्ट्यावर चाक वाजलं, की पुढच्या बाहेर पडायच्या फाट्याला उतरवायचं. रस्त्याच्या कडेला मात्र थांबायचं नाही. तिथे मागून येणाऱ्या ट्रकला उभी गाडी चालती वाटते.

---

गोदाकाठची

कर्जतला मुक्काम पक्का केला. बहिणीला आज उंचीचं सांगितलं. तिने भिंतीवर १४० ची रेघ मारून ठेवली आहे आणि १२० वाल्या राइडची यादी स्वतःच लिहायला घेतली आहे.